या चुका टाळा: सेंद्रिय प्रमाणीकरणाचा निरीक्षक काय पाहतो आणि शेतकरी कुठे अडकतात

नाशिक जिल्ह्यातील द्राक्षबागायतदाराला तपासणी नवी नाही. २००६ पासून अपेडाच्या, म्हणजे केंद्र सरकारच्या कृषिमाल निर्यात प्राधिकरणाच्या, ग्रेपनेट प्रणालीत निर्यातक्षम बागांची नोंदणी होते, बागेतून नमुने घेतले जातात आणि प्रयोगशाळेचा अहवाल आल्यानंतरच माल कंटेनरमध्ये चढतो. २०१० साली क्लोरमेक्वाट क्लोराइडच्या, म्हणजे बागायतदार ज्याला ‘लिहोसीन’ म्हणतात त्या वाढनियंत्रकाच्या अंशामुळे भारतीय द्राक्षे युरोपात अडकली. तेव्हापासून शेवटचा शब्द प्रयोगशाळेचा असतो, हे इथल्या बागायतदाराच्या मनात पक्के बसले आहे. निर्यातीच्या नेहमीच्या द्राक्षापुरते ते बरोबरही आहे. तोच बागायतदार सेंद्रिय प्रमाणीकरणाकडे वळतो तेव्हा मात्र हीच समजूत त्याला सर्वाधिक गोत्यात आणते.

निफाड, दिंडोरी, चांदवड, सटाणा या भागांतील ज्या शेतकऱ्यांचे प्रमाणपत्र लांबते किंवा नाकारले जाते, त्यांच्यापैकी अनेकांनी लपूनछपून काही फवारलेले नसते. निरीक्षक कशासाठी आला आहे, हेच त्यांना नीट उमगलेले नसते. म्हणून या लेखात चुका सांगताना प्रत्येक वेळी निरीक्षकाच्या बाजूने विचार केला आहे. तो एखादा प्रश्न का विचारतो हे कळले, की त्याचे उत्तर कसे तयार ठेवायचे हे वेगळे सांगावे लागत नाही.

स्वच्छ अहवाल म्हणजे प्रमाणपत्र नव्हे

‘रेसिड्यू फ्री’ माल आणि सेंद्रिय माल या दोन निराळ्या गोष्टी आहेत. रेसिड्यू फ्री पद्धतीत रासायनिक कीडनाशके वापरता येतात. काढणीपूर्वीचा प्रतीक्षा काळ पाळला आणि मालात अंश ठरलेल्या मर्यादेच्या आत राहिले म्हणजे काम झाले. सेंद्रिय प्रमाणीकरणात पिकवण्याची संपूर्ण पद्धत तपासली जाते. ठिबकमधून सोडलेला युरिया किंवा एकोणीस-एकोणीस-एकोणीस हे विद्राव्य रासायनिक खत कीडनाशकांच्या अंश तपासणीत दिसत नाही, तरीही त्याने प्रमाणपत्र जाते. उलट, शेजारच्या ब्लोअरमधून (ट्रॅक्टरवरच्या फवारणी यंत्रातून) उडालेल्या औषधाचा अंश नमुन्यात सापडला, तर तेवढ्यावरच शेतकरी दोषी ठरत नाही. तो अंश कुठून आला याची चौकशी होते.

देशात राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रम, म्हणजे एनपीओपी, २००१ पासून लागू आहे. त्यानुसार हंगामी पिकांसाठी पेरणीपूर्वी २ वर्षे आणि द्राक्ष-डाळिंबासारख्या बहुवर्षीय पिकांसाठी पहिल्या सेंद्रिय काढणीपूर्वी ३ वर्षे रूपांतरणाची, म्हणजे रासायनिक शेतीतून सेंद्रियकडे वळण्याची, मानली जातात. हा काळ प्रमाणीकरण संस्थेकडे रीतसर नोंद झाल्यापासून धरला जातो. “आम्ही पाच वर्षांपासून रासायनिक वापरतच नाही” हे सांगणे प्रामाणिक असले, तरी मागच्या काळाचा कागदोपत्री पुरावा नसेल तर निरीक्षक त्याला वजन देऊ शकत नाही. प्रयोगशाळेचा स्वच्छ अहवाल दाखवून रूपांतरण काळ माफ होईल, या आशेवर पहिला हंगाम वाया घालवणारे बागायतदार दरवर्षी भेटतात.

मग निरीक्षक करतो काय? तो तीन गोष्टी समोरासमोर ठेवतो: शेतात दिसते ते, वहीत लिहिलेले आणि गोदामात किंवा विक्रीत सापडणारे. या तिन्हींचा एकमेकांशी मेळ बसला, तर कागदांतील किरकोळ उणिवा सहसा भरून काढता येतात. मेळ बसला नाही, तर फायलीचे कव्हर कितीही देखणे असले तरी उपयोग होत नाही.

निरीक्षकाला सल्लागार किंवा पाहुणा समजणे

आपल्याकडे गावात आलेल्या साहेबाला सल्ला विचारण्याची जुनी सवय आहे. “भुरीला काय मारू, ते तुम्हीच सांगा” असा प्रश्न शेतकरी सहज विचारतो, निरीक्षक उत्तर देत नाही, आणि शेतकऱ्याला वाटते की माणूस तुसडा आहे. वास्तविक प्रमाणीकरण संस्थांना लागू असलेल्या आयएसओ/आयईसी १७०६५ या मानकानुसार ज्याची तपासणी करायची त्यालाच सल्ला देणे निषिद्ध आहे. स्वतः दिलेल्या सल्ल्याची तपासणी कोणी निष्पक्षपणे करू शकत नाही. एखादी निविष्ठा (खत, औषध, बियाणे) नियमात बसते की नाही, हे निरीक्षक सांगू शकतो. बसणाऱ्यांपैकी कोणती घ्यावी, हे तो सांगणार नाही. तो सल्ला कृषी विज्ञान केंद्र, कृषी सहायक किंवा गटाचा तांत्रिक माणूस यांच्याकडून तपासणीच्या कितीतरी आधी घ्यायचा असतो.

दुसरी गोष्ट अशी की प्रमाणपत्र देण्याचा अधिकार निरीक्षकाकडे नसतो. तो पुरावे गोळा करतो आणि अहवाल लिहितो. तो अहवाल संस्थेतील दुसरी व्यक्ती तपासते आणि निर्णय तिथे होतो. त्यामुळे बांधावर उभे राहून “एवढं सांभाळून घ्या, साहेब” अशी गळ घालण्यात अर्थ नसतो. निरीक्षकाने दया दाखवून एखादी बाब वगळली आणि ती पुढे उघड झाली, तर तो आणि शेतकरी दोघेही अडचणीत येतात. चहा जरूर द्यावा, पण जेवणावळ आणि निघताना गाडीत ठेवलेल्या द्राक्षांच्या पेट्या टाळाव्यात. त्यामागे निव्वळ आदरातिथ्य असले, तरी अनेक निरीक्षकांना अशा भेटीची नोंद करावी लागते.

वही एका बैठकीत लिहिणे

तपासणीची तारीख कळली की दोन दिवस बसून वर्षभराची नोंदवही पूर्ण करायची, ही सर्वांत सार्वत्रिक चूक आहे आणि ती ओळखायला अनुभवी निरीक्षकाला फार वेळ लागत नाही. एकाच पेनाची शाई, एकसारखे अक्षर, पानांना कुठेही मातीचा किंवा पाण्याचा डाग नाही, दर आठवड्याला ठरावीक वारी फवारणी आणि मुसळधार पाऊस झालेल्या दिवशीही फवारणी, ही सगळी त्याची लक्षणे आहेत. सप्टेंबरच्या ज्या दिवशी तालुक्यात सगळी शिवारे पाण्याखाली होती, त्याच दिवशी वहीत बोर्डो मिश्रणाची फवारणी असेल, तर बाकीच्या नोंदींवर कोण विश्वास ठेवील?

निरीक्षक सरळ “रासायनिक फवारलं का?” असे विचारत नाही, कारण त्याचे एकच उत्तर येणार हे त्याला माहीत असते. तो पिकाच्या गोष्टी काढतो. बागेतून चालता चालता होणारे बोलणे साधारण असे असते:

“काका, डिसेंबरात भुरी आली होती का?”

“आली होती ना, मॅडम. ढगाळ हवा होती तेव्हा.”

“मग काय केलं?”

“गंधक मारलं. दोनदा.”

“कुठून आणलं होतं?”

इथे काकांची नजर घराकडे वळते, कारण वही आणि बिले काकू सांभाळतात. काकू पिशवीतून बिल काढून देतात. त्यावर तारीख, वजन आणि उत्पादकाचे नाव असते, आणि वहीत त्यानंतर चार दिवसांनी पहिली फवारणी लिहिलेली असते. दोन फवारण्यांना किती गंधक लागले असेल याचा अंदाज घेऊन निरीक्षक शेडमध्ये उरलेली गोणी पाहते. पंधरा मिनिटांत एक पूर्ण साखळी तपासून होते. हाच प्रश्न आला तेव्हा “रोग आलाच नाही” असे उत्तर देणाऱ्याची अडचण वाढते. शेजारची बाग भुरीने पांढरी पडली असताना आपल्या बागेत एक डागही नव्हता हे पटवून देणे फार कठीण असते. सेंद्रिय शेतात रोग येतो, कीड येते, नुकसानही होते. ते वहीत दिसले की निरीक्षकाचा संशय वाढत नाही, उलट कमी होतो.

वरच्या उदाहरणातील काकूंचा मुद्दा महत्त्वाचा आहे. अनेक घरांत प्रत्यक्ष काम आणि नोंदी बाईमाणसाच्या हाती असतात, पण तपासणीच्या दिवशी बोलायला फक्त पुरुष पुढे होतात. कुठल्या टाकीत जीवामृत केले, कोणत्या आठवड्यात मिलीबगसाठी खोडे पुसून घेतली, मजूर कोण होते, हे ज्याला ठाऊक आहे त्यानेच उत्तर द्यावे. निरीक्षकाला तेच हवे असते.

नोंद कशी ठेवावी, याला फार सोपा मार्ग आहे. शेडच्या दारामागे दिनदर्शिका टांगावी, काम झाले की त्याच संध्याकाळी त्या दिवसाच्या चौकटीत दोन शब्द लिहावेत आणि आठवड्यातून एकदा ते वहीत सविस्तर उतरवावेत. ती दिनदर्शिका फेकू नये. निरीक्षकाच्या दृष्टीने ती सुंदर अक्षरातल्या वहीपेक्षा मोलाची असते, कारण ती त्या त्या दिवशी लिहिलेली असते.

हिशेब न जुळणे

तपासणीचा खरा गाभा हिशेबात आहे. किती क्षेत्र, किती बियाणे, किती उत्पादन, किती विक्री, किती शिल्लक आणि किती घट, हे आकडे निरीक्षक जुळवून पाहतो. शेतकऱ्यांची तयारी मात्र याच भागात सर्वांत कमी असते.

कांद्याचे उदाहरण घ्या. रोप तयार करून लागवड करायची तर एकरी साधारण ३ ते ४ किलो बियाणे लागते. एखाद्याने २ एकर सेंद्रिय कांदा दाखवला आणि बियाण्याची पावती दीड किलोची असेल, तर निरीक्षकाच्या मनात लगेच प्रश्न उभा राहतो. बहुतेक वेळा उत्तर साधे असते: पावसाने रोपवाटिका गेली आणि ऐनवेळी गावातूनच रोप विकत घेतले. पण ते रोप रासायनिक शेतातले असेल, बियाण्याला थायरम हे रासायनिक बुरशीनाशक चोळलेले असेल किंवा रोपांवर तणनाशक गेलेले असेल, तर त्या क्षेत्राचा दर्जा धोक्यात येतो. अशा वेळी रोप आणण्यापूर्वी संस्थेला किंवा गटाच्या कार्यालयाला लेखी कळवावे आणि परवानगी मिळत नसेल तर तेवढा तुकडा त्या हंगामापुरता सेंद्रिय विक्रीतून आपणहून वगळावा. वगळलेल्या तुकड्याने नुकसान होते खरे, पण लपवलेल्या तुकड्याने संपूर्ण शेताचे प्रमाणपत्र जाऊ शकते.

याच कांद्याची पुढची गोष्ट चाळीतली आहे. एप्रिलमध्ये चाळीत भरलेला उन्हाळ कांदा सप्टेंबरपर्यंत वजनात घटतो, सडतो, त्याला कोंब येतात. चार-पाच महिन्यांत चौथा ते तिसरा हिस्सा जाणे नेहमीचे आहे आणि हवा वाईट असली तर त्याहूनही अधिक जाते. वहीत मात्र २०० क्विंटल भरले आणि सप्टेंबरात २०० क्विंटल विकले असे लिहिलेले आढळते. शेतकऱ्याने केवळ सोयीसाठी दोन्हीकडे एकच आकडा लिहिलेला असतो. निरीक्षकाला त्यातून वेगळा अर्थ दिसतो, कारण घट भरून काढण्यासाठी बाहेरचा कांदा मिसळला असेल तर वही अशीच दिसते. म्हणून प्रतवारी करताना बाहेर काढलेला सडका कांदा अंदाजाने तरी पाट्यांत किंवा गोण्यांत मोजून तारखेसह लिहावा.

बेदाण्याचेही तसेच आहे. साधारण ४ किलो द्राक्षांपासून १ किलो बेदाणा तयार होतो. हे प्रमाण साखरेनुसार थोडे इकडेतिकडे होते, पण एक टन द्राक्षांतून ४०० किलो बेदाणा निघाल्याची नोंद कोणाच्याही डोळ्यांत भरेल. बेदाणा शेड भाड्याची असेल तर आपला माल येण्यापूर्वी रॅक आणि जाळ्या कधी धुतल्या, आधी कोणाचा माल होता आणि डिपिंगचे, म्हणजे वाळवण्यापूर्वी द्राक्षे बुडवण्याचे, द्रावण कोणते होते, हेही लिहून ठेवावे.

सेंद्रिय खरेदीदार मिळाला नाही म्हणून काही माल लासलगाव किंवा पिंपळगावच्या बाजार समितीत साधा म्हणून विकला जातो. त्यात गैर काही नाही. गैर आहे ती त्याची नोंद न ठेवणे. ट्रेसनेट या सेंद्रिय मालाचा माग ठेवणाऱ्या अपेडाच्या संगणक प्रणालीवर प्रत्येक शेताचे जेवढे प्रमाणित उत्पादन दाखवलेले असते, त्यातूनच विक्रीचे व्यवहार प्रमाणपत्र निघते. साधा म्हणून विकलेला माल त्यातून वजा झाला नाही, तर कागदावर तेवढा सेंद्रिय माल शिल्लक राहतो आणि ती शिल्लक कोणीतरी गैरवापरासाठी वापरू शकतो. बाजार समितीच्या हिशेबपट्ट्या म्हणूनच जपून ठेवायच्या असतात.

कागदावरची जमीन आणि पायाखालची जमीन

सातबारा आजोबांच्या नावावर, खाते तिघा भावांचे सामाईक, प्रत्यक्ष कसणारा चौथाच, ही आपल्याकडे नेहमीची परिस्थिती आहे. निरीक्षकाला त्याचे वावडे नसते. त्याला इतकेच हवे असते की प्रमाणपत्राच्या अर्जातील गट नंबर, क्षेत्र आणि नकाशा प्रत्यक्ष शेताशी जुळावा आणि कसणाऱ्याचा त्या जमिनीवर ताबा असल्याचे संमतिपत्र किंवा करार असावा. अडचण येते ती ई-पीक पाहणीत सोयाबीन आणि वहीत मका असल्यावर, किंवा भावाने आपल्या हिश्श्यातल्या चार ओळींत परस्पर रासायनिक टोमॅटो लावल्यावर. हंगाम सुरू होताना एकदा सातबारा, अर्ज आणि नकाशा शेजारी ठेवून वाचावेत, एवढे केले तरी पुरते.

शेड, पंप आणि बांधावरच्या बाटल्या

निरीक्षक शेतात येण्याआधी शेताच्या आजूबाजूला पाहतो. विहिरीजवळचा कोपरा, बांधाखालची झुडपे, शेडच्या मागची बाजू आणि ठिबकच्या फर्टिगेशन टाकीचा तळ या जागा तो सोडत नाही. रिकामी बाटली सापडली की ती कोणाची, केव्हाची, हा प्रश्न येतोच, आणि “वाऱ्याने आली असेल” हे उत्तर कोणालाच पुरेसे वाटत नाही. बैलाच्या गोचिडांचे औषध, घरातल्या ढेकणांचे औषध, वीस वर्षांपूर्वीची अर्धी पुडी, सगळे एका कपाटात ठेवण्याची पद्धत बंद करावी. जनावरांचे औषध वेगळ्या, कुलूपबंद आणि चिठ्ठी लावलेल्या डब्यात ठेवावे.

यापेक्षा मोठा धोका पंपाचा आहे. ब्लोअर भाड्याने आणण्याची पद्धत नाशिकच्या द्राक्षपट्ट्यात सर्रास आहे. सकाळी शेजारच्या बागेत आंतरप्रवाही बुरशीनाशक मारलेला ब्लोअर दुपारी आपल्या बागेत ट्रायकोडर्मा ही उपयुक्त बुरशी घेऊन शिरला, तर टाकीत, नळ्यांत आणि नोझलमध्ये राहिलेला अंश आपल्या पानांवर येतो. शक्य असेल तर सेंद्रिय क्षेत्रासाठी स्वतंत्र पंप असावा. तो परवडत नसेल तर आधी धुण्याची कृती ठरवावी, म्हणजे टाकी किती वेळा धुतली, धुवण कुठे टाकले आणि कोणी धुतले, आणि दर वेळी ती वहीत लिहावी. काही गटांनी चार-पाच शेतकऱ्यांमध्ये मिळून एक एचटीपी (जास्त दाबाचा) फवारणी पंप केवळ सेंद्रिय कामासाठी घेतला आहे. माझ्या मते लहान क्षेत्रवाल्यांसाठी यापेक्षा चांगला उपाय नाही.

‘बायो’ लिहिलेली बाटली

दुकानदाराने ‘शंभर टक्के ऑरगॅनिक’ म्हणून दिलेल्या उत्पादनावर घटकांची यादीच नसते, आणि दोन दिवसांत थ्रिप्स मरून पडतात. जैविक उत्पादनाचा परिणाम इतका झटपट दिसला तर आनंद न मानता संशय घ्यावा, कारण बायोच्या नावाखाली रासायनिक कीडनाशक मिसळलेली उत्पादने बाजारात सापडलेली आहेत. घरी केलेले दशपर्णी किंवा निंबोळी अर्क सोडला, तर विकत घेतलेली प्रत्येक निविष्ठा वापरण्यापूर्वी तिचे लेबल आणि घटक प्रमाणीकरण संस्थेला पाठवून लेखी होकार घ्यावा. व्हॉट्सॲपवर आलेला होकारही छापून फाइलला लावावा.

ज्या निविष्ठांना परवानगी आहे त्यांनाही मर्यादा असतात, हे विसरले जाते. तांबे हे त्याचे ठळक उदाहरण. युरोपीय नियमांत हेक्टरी ७ वर्षांत एकूण २८ किलो धातुरूप तांब्याची मर्यादा आहे, म्हणजे वर्षाला सरासरी ४ किलो, एकरी सुमारे १.६ किलो. आता बोर्डोचा हिशेब करून पाहा. एक टक्का बोर्डो मिश्रणात १०० लिटरला १ किलो मोरचूद असते आणि मोरचुदात तांबे सुमारे चौथा हिस्सा असते. एकरी ४०० लिटर फवारले की १ किलो तांबे गेले. अशा दोनच फवारण्यांत वर्षाची सरासरी ओलांडली जाते. डाऊनीच्या (केवडा रोगाच्या) वर्षात बोर्डोवरच भिस्त ठेवणाऱ्या बागेची वही उघडताच निरीक्षक हा गुणाकार करतो. युरोपला माल पाठवायचा असेल तर तो आपण आधी केलेला असावा, आणि अर्धा टक्का किंवा त्याहून कमी प्रमाण, छाटणीनंतर मोकळी हवा खेळेल अशी विरळणी आणि पावसाआधीची नेमकी फवारणी यांवर भर द्यावा.

द्राक्षात आणखी दोन जागा संवेदनशील आहेत. गोडी छाटणीनंतर डोळे एकसारखे फुटावेत म्हणून लावतात त्या हायड्रोजन सायनामाइडला सेंद्रिय पद्धतीत थारा नाही, आणि तरीही “फक्त पेस्टच लावली, फवारले नाही” असे सांगणारे भेटतात. लावणे आणि फवारणे यांत नियम फरक करत नाही. दुसरी जागा मण्यांच्या फुगवणीसाठी घडांना दिलेल्या जीएच्या, म्हणजे जिबरेलिक आम्ल या वाढनियंत्रकाच्या, डिपिंगची. याबाबत सगळ्या बाजारपेठांचे नियम सारखे नाहीत, म्हणून माल कुठे जाणार ते आधी ठरवून संस्थेकडून लेखी उत्तर घ्यावे.

खताबाबत निरीक्षकाचा प्रश्न असतो तो उगमाचा. बाहेरून आणलेले शेणखत कोणाच्या गोठ्यातले, किती ट्रॉल्या, कधी आणले आणि किती दिवस कुजवले, हे सांगता आले पाहिजे. पिंजऱ्यातील मोठ्या पोल्ट्रीचे कोंबडखत आणि साखर कारखान्याची मळी स्वस्त मिळते म्हणून थेट पसरू नये, आधी विचारावे. बियाण्याच्या बाबतीत गुलाबी किंवा निळ्या रंगाचे लेपित बियाणे धुऊन वापरले म्हणून ते चालत नाही. सेंद्रिय बियाणे मिळाले नाही तर प्रक्रिया न केलेले साधे बियाणे घेता येते, पण सेंद्रिय मिळाले नाही याचा पुरावा, म्हणजे दोन-तीन पुरवठादारांचे नकार, जवळ असावा लागतो. रिकामी पाकिटे टाकू नयेत.

गटातील चुका

लहान शेतकऱ्यांसाठी गट प्रमाणीकरणाची सोय आहे. एका गटात किमान २५ आणि जास्तीत जास्त ५०० शेतकरी असू शकतात. गटाच्या अंतर्गत निरीक्षकांनी वर्षातून किमान दोनदा प्रत्येक शेत पाहायचे असते आणि बाहेरचा निरीक्षक काही शेते निवडून पुन्हा तपासतो. त्याची नजर शेतापेक्षा गटाच्या यंत्रणेवर जास्त असते. एका शेतात त्याला रासायनिक खताची गोणी दिसली आणि अंतर्गत अहवालात “सर्व ठीक” असे लिहिले असेल, तर प्रश्न त्या एका शेतकऱ्यापुरता राहत नाही. अंतर्गत निरीक्षकाने शेत पाहिलेच नाही की पाहून गप्प राहिला, हे ठरवावे लागते आणि त्याची झळ प्रामाणिक सभासदांनाही बसते.

म्हणून जो गट वर्षभरात एकाही सभासदावर कारवाई झाल्याचे दाखवू शकत नाही, त्याच्याकडे निरीक्षक अधिक बारकाईने पाहतो. चारशे शेतकऱ्यांत एकही चूक होत नाही, असे घडत नाही. चूक सापडली, सभासदाला लेखी कळवले, माल वेगळा काढला, एका हंगामासाठी त्याला निलंबित केले, अशा नोंदी असलेला गट सुस्थितीत समजला जातो. जानेवारी २०२५ मध्ये आलेल्या एनपीओपीच्या आठव्या आवृत्तीत गटांना कायदेशीर अस्तित्व असणे आवश्यक केले आहे. ज्या गटांचा सगळा कारभार आतापर्यंत खरेदीदार कंपनीच्या कर्मचाऱ्यानेच पाहिला, त्यांच्या सभासदांनी आपले प्रमाणपत्र कोणाच्या नावावर आहे हे आधी तपासावे.

आणखी एक गैरसमज इथेच दूर करायला हवा. पीजीएस-इंडिया ही शेतकऱ्यांनी एकमेकांची हमी देण्याची पद्धत देशांतर्गत बाजारासाठी चांगली आहे, पण तिच्या प्रमाणपत्रावर सेंद्रिय माल म्हणून निर्यात होत नाही.

उणीव निघाली, मग काय?

तपासणीच्या शेवटी निरीक्षक आढळलेल्या बाबी वाचून दाखवतो आणि सही घेतो. घाईने सही करू नये. एखादी बाब चुकीची लिहिली असे वाटले तर त्याच कागदावर आपले म्हणणे लिहून मग सही करावी. सही म्हणजे कबुली नव्हे, बाब आपल्याला सांगितली गेल्याची पोच आहे. नमुना घेतला असेल तर तो आपल्यासमोर सीलबंद झाला का, सीलचा क्रमांक पावतीवर आला का आणि राखीव नमुना ठेवला गेला का, हे पाहणे हा आपला हक्क आहे.

त्यानंतर संस्थेकडून उणिवांचे पत्र येते आणि त्याला ठरावीक मुदतीत उत्तर द्यायचे असते. “यापुढे काळजी घेऊ” हे उत्तर बहुतेक वेळा परत येते. उत्तरात चूक का झाली, तात्पुरते काय केले आणि पुन्हा होऊ नये म्हणून काय बदलले, हे तिन्ही पुराव्यासह यावे लागते. नोंदवही अपुरी होती असे म्हटले असेल, तर पुढच्या महिन्याच्या भरलेल्या पानांच्या प्रती जोडाव्यात. शेडमध्ये मिश्र साठा होता असे म्हटले असेल, तर वेगळ्या केलेल्या कप्प्याचे छायाचित्र जोडावे. निर्णय अन्यायकारक वाटला तर प्रत्येक प्रमाणीकरण संस्थेकडे अपिलाची लेखी पद्धत असते. तिचा वापर केल्याने पुढच्या वर्षी निरीक्षक डूख धरेल ही भीती निराधार आहे, कारण अपील दुसरी माणसे ऐकतात.

शेवटचा प्रश्न नाशिकच्या एक-दोन एकरांच्या बागांमध्ये नेहमी येतो: शेजारच्या ब्लोअरचा फवारा आपल्या ओळींवर आला तर काय करावे? पश्चिमेकडून येणारा पावसाळी वारा लक्षात ठेवून कुंपण त्याच बाजूला केलेले असते, पण द्राक्षाच्या फवारण्यांचा जोर ऑक्टोबरनंतर असतो आणि तोपर्यंत वाऱ्याची दिशा बदललेली असते. म्हणून शेवरी, गिरिपुष्प किंवा हिरव्या जाळीचा आडोसा कुठे हवा हे हिवाळ्यात उभे राहून ठरवावे. फवारा आलाच तर त्याच दिवशी तारीख, वेळ, औषधाचे नाव माहीत असल्यास तेही, आणि बाधित ओळींचे क्रमांक लिहून संस्थेला कळवावे. निरीक्षकाने विचारण्याची वाट पाहू नये. शेजाऱ्याशी भांडण्यापेक्षा त्याच्याकडून फवारणीआधी फोन येईल एवढे जमवून घेतलेले बरे, आणि तशी त्याची दोन ओळींची चिठ्ठी मिळाली तर तपासणीत ती उपयोगी पडते. बाधित ओळींचा माल स्वतंत्र क्रेटमध्ये काढावा, साधा माल म्हणून विकावा आणि त्या विक्रीची पावती आपण पाठवलेल्या पत्राच्या प्रतीमागे टाचून ठेवावी.